उणे दहाचा माणूस पाण्यात

मी दुसऱ्याची मुलगी पळवली, ही बातमी आमच्या इमारतीत ज्या रूपात पसरली ते रूप साफ खोटं आहे. पळवली नाही. टॉवेलात गुंडाळली, डोकं पुसलं, आज श्वास छान धरलास म्हणून पाठ थोपटली आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत नेली, एवढंच. त्या मुलीनेही एका शब्दाने हरकत घेतली नाही. तिची आई समोरून धावत आली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आपल्या हातातला हात आपल्या घरातला नाही.

आता यात माझा दोष किती आणि नंबरचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. माझ्या चष्म्याचा नंबर डाव्या डोळ्याला उणे दहा आणि उजव्याला उणे साडेनऊ. चष्मा काढला की समोर माणूस आहे की कपाट, हे ते हलेपर्यंत मला सांगता येत नाही. आणि आमच्या जलतरण तलावाचा नियम असा की काचेची कुठलीही वस्तू पाण्यात तर नाहीच, काठावरसुद्धा न्यायची नाही. त्यात आठ ते दहा वयाच्या सगळ्या मुलामुलींनी पिवळी टोपी घालायची, हा दुसरा नियम. त्या दिवशी पाण्यात एकोणीस पिवळ्या टोप्या होत्या आणि त्यातली माझ्या सर्वांत जवळ आली ती मी उचलली.

माझी खरी लेक पलीकडच्या पायरीवर बसून रडत होती. वय वर्षं नऊ. घरात आम्ही तिला भुंगी म्हणतो, कारण प्रश्न विचारायला लागली की ती डोक्याभोवती गुणगुणत राहते. "बाबा, तू दुसरीलाच नेलंस," एवढं ती म्हणाली आणि घरी येईपर्यंत गप्प राहिली. भुंगी वीस मिनिटं गप्प, ही आमच्याकडे लिहून ठेवण्यासारखी घटना आहे.

खरी पंचाईत पुढेच होती. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी तलावावर पालक-पाल्य स्पर्धा होती. पालकांनी उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात ओळीने उभं राहायचं, मुलांनी पलीकडून पोहत यायचं आणि आपापल्या पालकाचा हात धरायचा. दुसऱ्याच्या पालकाचा हात धरला की बाद. या स्पर्धेसाठी भुंगीने महिनाभर आमचं डोकं खाल्लं होतं. पण त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिता पिता ती म्हणाली की तिला भाग घ्यायचा नाही. का, तर उगाच.

मी काय ते समजलो. आपला बाप आपल्याला ओळखेल याची पोरीला खात्री उरली नव्हती. बाप म्हणून याहून मोठी नामुष्की मला तरी ठाऊक नाही. बायको म्हणाली, "तिला नीट विचारा तरी, का नको म्हणतेय." मी म्हटलं, त्यात विचारायचं काय, उघड आहे. आणि गालाला दाढीचा साबण असतानाच मी प्रतिज्ञा केली की सात आठवड्यांत हे नाकावरचं डबडं घालवायचं. डबडं हा शब्द मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचे सात आठवडे तो आमच्या घरात दिवसातून निदान दहादा उच्चारला गेला. शिवाय लोढणं, जोखड, आयुष्याची शिक्षा. मी बोलायला लागलो की मला शब्दांची वाण पडत नाही.

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा चष्मा लेसरने गेला होता. सकाळी डोळे उघडल्याबरोबर त्यांना छतावरचा पंखा कसा स्वच्छ दिसला, हे त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि मला तीनदा. मी चौथ्यांदा ऐकायला गेलो तेव्हा त्यांना भरून आलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि पंखा आधी पुसून ठेवा असंही सांगितलं. समोरचे अप्पा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या मते डोळ्याचं सगळं दुखणं दाबाचं असतं. दाब बघून घ्या, बाकी यंत्रं शोभेची, म्हणाले.

मी भुंगीला सोबत नेली. एक तर सुट्टी होती, आणि दुसरं म्हणजे बाप तिच्यासाठी काय काय सोसतोय हे तिला दिसावं अशी माझी सुप्त इच्छा होती. हनुवटी इथे ठेवा, कपाळ तिथे टेकवा, हिरव्या ठिपक्याकडे बघा, असं करत माझं डोकं सात यंत्रांवर टेकवून झालं. मधल्या वेळात मी भिंतीवरचा तक्ता वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो, आणि भुंगी मागच्या स्टुलावरून मला अक्षरं सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला हसत दटावलं. मी अभिमानाने म्हणालो की पोरीची नजर घारीची आहे, शाळेच्या तपासणीत शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचते, माझ्यावर गेली नाही हे नशीब. भुंगीने मान खाली घातली. मला वाटलं, विनय.

मग निकाल आला. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. लेसर तो तासून नंबर घालवतो. माझा पडदा मुळातच पातळ, आणि उणे दहा घालवायला जेवढं तासावं लागेल तेवढं तासल्यावर मागे भरवशाचं काही उरणार नाही. लेसर तुमच्यासाठी नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या अंगात पातळ म्हणावं असं काहीतरी आहे, हे कळल्यावर बायकोने मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. अप्पांच्या आग्रहावरून मी आणखी एका डॉक्टरांकडे गेलो. तिथेही पडदा तेवढाच भरला.

डॉक्टरीणबाईंनी मात्र मला वाऱ्यावर सोडलं नाही. लेसर नाही म्हणजे सगळं संपलं असं नसतं, म्हणाल्या, आणि एकेक दार उघडून दाखवू लागल्या. पहिलं दार, डोळ्याच्या आत एक बारीक लेन्स बसवायची, आपली नैसर्गिक लेन्स तशीच ठेवून. मोठ्या नंबरवाल्यांना हे बहुतेक वेळा चालतं. माझं मोजमाप झालं आणि कळलं की माझ्या डोळ्यात पुढच्या बाजूला तेवढी जागाच नाही. घरात जागा नाही हे आम्ही रोज बोलतो, पण डोळ्यातही नसेल असं वाटलं नव्हतं. दुसरं दार, नैसर्गिक लेन्सच काढून नवी बसवायची, मोतीबिंदूत करतात तशी. पण माझ्या वयाला आणि एवढ्या नंबरला त्यात डोळ्याचा मागचा पडदा सुटण्याचा धोका असतो, म्हणून त्या म्हणाल्या की पुढे मोतीबिंदू होईलच, तेव्हा नंबरचंही बघून टाकू. तेव्हापासून मोतीबिंदूची आतुरतेने वाट बघणारा मी एकमेव माणूस असेन. तिसरं दार रात्री घालून झोपायच्या आणि सकाळी काढायच्या लेन्सचं. ते लहान नंबरवाल्यांसाठी, त्यामुळे माझ्यासाठी ते किलकिलंही झालं नाही.

उरली साधी कॉन्टॅक्ट लेन्स. ती बोटाच्या टोकावर ठेवून डोळ्यात घालायची असते. शिकवणाऱ्या बाई अतिशय सोशिक होत्या. चाळीस मिनिटं मी बोट डोळ्याकडे नेत होतो आणि डोळा मिटत होता. स्वतःचाच डोळा आपल्यावर विश्वास ठेवत नाही, हे अनोळखी बाईसमोर सिद्ध होणं फार जिव्हारी लागतं. शेवटी माझं लक्ष नसताना ती आत गेली.

त्या दिवशी मी चष्म्याशिवाय घरी आलो. बायको माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली की ओळखीचाच कुणीतरी, पण बऱ्याच वर्षांनी भेटल्यासारखं वाटतंय. भुंगी खुर्चीवर चढली, माझे दोन्ही कान धरले आणि नाकाला नाक लागेल इतक्या जवळून पाहू लागली.

"बाबा," ती म्हणाली, "तुझे डोळे छोटे नाहीयेत."

उणे नंबरच्या जाड भिंगातून बाहेरच्याला डोळे मण्यांएवढे दिसतात. नऊ वर्षं पोरीला वाटत होतं की आपल्या बापाचे डोळेच तसे आहेत. मला एकदम दाटून आलं, आणि रडावं तर लेन्स वाहून जाईल या भीतीने तेही नीट करता आलं नाही.

हे सुख पुढच्या सकाळी साडेदहापर्यंत टिकलं. मी वजनमापं तपासणाऱ्या कार्यालयात निरीक्षक आहे. दुकानदारांचे काटे, मापं, पितळी वजनं आमच्या टेबलावर येतात आणि आम्ही ती पारखून शिक्का मारतो. काट्याच्या पट्टीवर केसासारख्या रेषा असतात. लेन्स घातल्यावर मला समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे कपडे मोजता येत होते, पण नाकासमोरच्या त्या रेषा काही केल्या दिसेनात. चाळिशी ओलांडलेल्या मोठ्या नंबरवाल्यांचं असंच होतं म्हणे, चष्म्यात जे जवळचं निभावून जातं ते लेन्समध्ये निभत नाही. एका किराणा दुकानदाराने स्वतःचा काटा स्वतःच मला वाचून दाखवला, आणि बरोबर आहे ना साहेब, असंही आपुलकीने विचारलं. बावीस वर्षांच्या नोकरीत तपासणाऱ्याला तपासून घेणाऱ्याने मदत केल्याचा हा पहिलाच प्रसंग. मला सहकाऱ्याचा वाचायचा चष्मा मागावा लागला. चष्मा घालवायला लेन्स घेतली आणि लेन्समुळे चष्मा लागला, एवढी प्रगती मी पाच आठवड्यांत केली होती.

आणि मग लेन्स हरवली. सकाळची गडबड, मी बेसिनसमोर. उजवी घातली, डावी घातली, आणि पाहतो तर सगळंच जग धूसर, आणि डाव्या डोळ्यात लेन्स नाही. पडली. मी ओरडून सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. कुठून वास लागला देव जाणे, अप्पा विजेरी घेऊन हजर. मागून शिक्षिकाबाई. पाच मिनिटांत आमच्या न्हाणीघरात चार माणसं गुडघ्यांवर होती. भुंगी फरशीला नाक लावून इंच इंच शोधत होती आणि मी सगळ्यांना म्हणत होतो की बघा, शोधावं तर असं. अप्पांनी निदान केलं की लेन्स नळीत गेली. खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. नाही म्हणायच्या आत त्यांनी बेसिनखालची नळी उघडली. साठलेलं पाणी आधी अप्पांच्या मांडीवर आणि मग सगळीकडे आलं. त्यातून मागे सरकताना त्यांचा पाय फरशीवर ठेवलेल्या माझ्या चष्म्यावर पडला. लेन्स मिळाली नाही.

ती डॉक्टरीणबाईंना मिळाली. माझ्या उजव्या डोळ्यात. दोन्ही लेन्स मी एकाच डोळ्यात घातल्या होत्या. त्यांनी त्या एकीवरून एक सोडवल्या आणि काही बोलल्या नाहीत, यावरून त्यांचं संगोपन किती चांगल्या घरात झालं ते कळतं. जाता जाता मी म्हणालो की असो, पोहण्यापुरत्या तरी चालतील. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. लेन्स घालून पाण्यात अजिबात जायचं नाही, जंतुसंसर्ग झाला तर डोळा गमवाल, म्हणाल्या. पोहण्याचं तुम्ही आधी बोलला का नाहीत, असंही त्यांनी विचारलं. मी आठवून पाहिलं. खरंच, मी त्यांना चष्मा नको एवढंच सांगितलं होतं. कशासाठी नको, हे कधीच नाही.

शेवटचा उपाय म्हणून तलावाच्या कार्यालयात अर्ज दिला, की स्पर्धेपुरती चष्म्याची परवानगी मिळावी, माझी भिंगं काचेची नसून प्लास्टिकची आहेत. तिथल्या कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला. चष्म्याशिवाय दिसत नाही असा डॉक्टरांचा दाखला हवा, म्हणाले. मी दाखला आणला. त्यांनी तो वाचला आणि हळहळत दुसरा नियम काढला. ज्यांना दिसत नाही त्यांना एकट्याने पाण्यात उतरता येत नाही, सोबत एक मदतनीस हवा, आणि स्पर्धेत मदतनीस चालत नाही. म्हणजे दिसत असेल तर चष्म्याची गरज नाही आणि दिसत नसेल तर पाण्याची परवानगी नाही. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनी मला चहा पाजला.

स्पर्धेला नऊ दिवस उरले होते. मोडक्या चष्म्याची काडी मी तारेने बांधली होती, ती सारखी कानाला टोचायची. बायको कामावर गेली होती, म्हणून भुंगीला घेऊन मी चष्मेवाल्यांकडे गेलो. या दुकानात जायचं मी मुद्दाम टाळत होतो. मला पहिला चष्मा लागला तो याच म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातून, मी भुंगीएवढा असताना. चष्मा घालवायला निघालेला माणूस त्यांना कोणत्या तोंडाने भेटणार? त्यांनी तार पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "चौतीस वर्षं तुमचं नाक माझ्या हाताखाली आहे," ते म्हणाले. "काय झालं ते सांगा."

मी सगळं सांगितलं. दुसऱ्याची मुलगी, पडदा, जागा, दोन लेन्स, दाखला. ते काडी बसवत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी खालचा खण ओढला आणि एक प्लास्टिकची डबी माझ्यापुढे ठेवली. आत पोहण्याचा गॉगल होता.

"यात नंबर मिळतो," ते म्हणाले. "तुमचा मागवावा लागेल. चार दिवस."

मी त्या डबीकडे बघत बसलो. सात यंत्रं, दोन डॉक्टर, एक कारकून आणि एक उघडी नळी. इतक्या लोकांना मी चष्मा कसा घालवू हे विचारलं, आणि पाण्यात मला माझी मुलगी कशी दिसेल हे एकालाही विचारलं नाही.

भुंगी तेव्हा काचेच्या कपाटाला नाक लावून आतल्या फ्रेम बघत होती. चष्मेवाल्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग तिला बोलावून बाकावर बसवलं आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. भुंगीने तो वरपासून खालपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला. मी हसून म्हणालो, सांगितलं नव्हतं, घार आहे. चष्मेवाले उठले आणि त्यांनी तक्ता उलटा फिरवला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती.

भुंगीने पहिलं मोठं अक्षर वाचलं. दुसऱ्या ओळीला डोळे बारीक केले. मग ती माझ्याकडे वळली आणि रडायला लागली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेत ती रांगेत शेवटून दुसरी होती, पुढचे सगळे मोठ्याने वाचत होते, पाठ झालं. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तोच तक्ता होता, इथेही तोच. फळ्यावरचं ती मैत्रिणीच्या वहीतून उतरवत होती. आणि त्या दिवशी तलावावर ती माझ्यामुळे रडत नव्हती.

"मी पण दुसऱ्याच बाबांकडे गेले होते," ती म्हणाली. "त्यांचा हात धरला. ते म्हणाले, तू कोण?"

म्हणून तिला स्पर्धा नको होती. मला ती ओळखू येणार नाही म्हणून नव्हे. मी तिला ओळखू येणार नाही म्हणून.

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"तू म्हणतोस ना, चष्मा म्हणजे आयुष्याची शिक्षा." ती बाहीने नाक पुसत होती. "मला वाटलं, मलापण लागला तर तुला खूप वाईट वाटेल."

मला आयुष्यात पुष्कळदा लाज वाटली आहे, त्यातल्या बऱ्याच वेळा याच सात आठवड्यांतल्या. पण ही लाज निराळी होती. मी तिला पोटाशी धरलं आणि तिच्या डोक्यावर तोंड ठेवून बसून राहिलो. चष्मेवाले तेवढ्या वेळात आत जाऊन काहीतरी शोधत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिचा नंबर काढला, दोन्ही डोळ्यांना उणे पावणेतीन. तिने निळी फ्रेम निवडली. चष्मेवाल्यांनी ती तिच्या कानांवर बसवायला माझ्या हातात दिली. भुंगीने दुकानाकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं. बराच वेळ.

"बाबा, तुझ्या कानात केस आहेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, आहेत. त्या दिवसापासून आमच्या घरात चष्म्याला चष्माच म्हणतात.

स्पर्धेच्या रविवारी तलावावर आम्ही दोघं सारखे काळे गॉगल घालून गेलो. कारकुनांनी दारातच माझा गॉगल हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले की गॉगल नियमात बसतो. त्यात उणे दहा आहे आणि भुंगीच्यात उणे पावणेतीन, हे मी सांगितलं नाही. काठावर बायको, शिक्षिकाबाई आणि अप्पा. अप्पा तलावात पाणी कुठून येतं ते शोधत होते.

मी सहा पालकांच्या ओळीत पाण्यात उभा राहिलो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला पाणी दिसत होतं. तळाच्या फरशांमधल्या रेघा, माझ्या स्वतःच्या पायाची बोटं, पलीकडच्या काठावरची माझी लेक. शिट्टी झाली आणि सहा पिवळ्या टोप्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. आणि मग माझ्या ध्यानात आलं की पोहताना मुलांची तोंडं पाण्यात असतात. वर दिसते ती फक्त टोपी. एवढा खटाटोप करून मी परत सहा पिवळ्या टोप्यांसमोर उभा होतो. मी डावीकडच्या टोपीकडे हात केला, मग मधल्या टोपीकडे, आणि शेजारचे पालक माझ्यापासून थोडे लांब सरकले.

तेवढ्यात चौथी टोपी अर्ध्या वाटेत थांबली. बाकीच्या पुढे निघून गेल्या. ती पाण्यात पाय मारत उभी राहिली, डोकं वर काढलं आणि आमची ओळ एका टोकापासून पाहत आली. पहिले पालक, दुसरे, तिसरे. माझ्यापाशी आली, थांबली, हसली आणि पुन्हा पाण्यात तोंड घालून सरळ माझ्याकडे निघाली.

आमचा नंबर सहावा आला. तिने माझा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिला धाप लागली होती.

"मध्ये का थांबलीस गं?" मी विचारलं.

"तूच आहेस ना, ते एकदा बघून घेतलं."

मी म्हटलं, "मीच आहे."